गाऱ्हाण्यांच्या चिठ्ठ्या

आमच्या घराला दोन खोल्या होत्या, मागची मायची आणि पुढची बापूंची. पुढच्या खोलीत उंबऱ्याजवळ शिलाईची मशीन, भिंतीला कापडं टांगायची दोरी, कोपऱ्यात झेंड्याच्या काठ्यांचा भारा आणि दारावर बाहेरून पक्षाची पाटी. माझे वडील, ज्यांना आम्ही बापू म्हणायचो, गावचे शिंपी होते आणि गावातल्या पक्षाचे अध्यक्षही तेच होते. अध्यक्ष म्हणजे मोठं काही नव्हतं. सभा असली की सतरंज्या गोळा करायच्या, झेंडे शिवायचे, तालुक्याहून माणसं आली की त्यांना चहा पाजायचा. पण गावात कोणाचं रेशनकार्ड अडलं, कोणाच्या विहिरीचा कागद हरवला, की तो माणूस आमच्याच उंबऱ्यावर येऊन बसायचा. बापू पायडल मारता मारता म्हणायचे, "हां, बोल, मी ऐकून राह्यलो." मशीन थांबली की समजायचं, गोष्ट साधी नाही.

झेंड्यांच्या कापडातून तुकडे उरायचे. माय त्यांचे आमचे परकर शिवायची, उशीचे अभ्रे शिवायची, भाकरी गुंडाळायची फडकीसुद्धा त्याच कापडाची. मला बरेच दिवस वाटायचं, सगळ्यांच्याच घरात भाकरी याच रंगात गुंडाळतात. माझी मैत्रीण एकदा म्हणाली, "तुमच्या घरात उशीबी पक्षाची." मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गावात दुसरा पक्ष असतो हेच मुळी मला उशिरा कळलं.

चौथीपर्यंतची शाळा गावात होती. पाचवीला कुंभार पिंपळगावला जावं लागायचं, आणि पोरगी एकटी कशी जाईल म्हणून माझी शाळा सुटली. अक्षर चांगलं होतं म्हणून बापूंनी मला एक काम दिलं. शिवायला आलेल्या प्रत्येक कापडावर नावाची चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर नाव, कोणत्या आळीचा ते, आणि काय शिवायचं ते. चिठ्ठी टाचणीनं कापडाला टोचायची आणि कापड गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत काढायची नाही. दिवाळीत एकाचा सदरा दुसऱ्याच्या घरी गेला तर वर्षभर बोलणी खावी लागतात, असं बापू म्हणायचे. मी लाजरी होते. दोन खोल्यांच्या मध्ये मायच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता, त्याच्या आड बसून मी चिठ्ठ्या लिहायचे. माणसं मला दिसायची नाहीत, पण त्यांचे आवाज आणि त्यांची नावं मला पाठ होती. आजही एखाद्याचं तोंड मला आठवत नाही, पण त्याच्या सदऱ्याचा रंग आठवतो.

वेशीच्या बाहेर जिनिंग होती, कापसातली सरकी काढायचा कारखाना. कापसाच्या हंगामात तिचा भोंगा दिवसातून तीनदा वाजायचा आणि सगळं गाव त्यावर चालायचं. दुपारच्या भोंग्याला माय तव्यावर पहिली भाकरी टाकायची. वाऱ्यावर कापूस उडून कडुनिंबाला चिकटायचा. कामावरून बाया परत यायच्या तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत कापूस असायचा, सगळ्या एका दिवसात म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसायच्या. आमच्या शेजारची गिरजामावशी त्यातलीच. ती आमच्या उंबऱ्यावर बसून केसांतला कापूस वेचायची, मांडीवर वळून त्याच्या वाती करायची आणि मायला द्यायची. म्हणायची, "घ्या वहिनी, शेठजीचा कापूस हाय, देवाला चालतो." तिचा नवरा, सखारामकाका, जिनिंगमध्येच हमाल होता. आत कापसाची धूळ असायची, त्यामुळं तो सारखा खोकायचा. मावशी त्याच्या खोकल्यावरूनही चेष्टा करायची. "भोंगा बंद पडला तरी चालतंय, आमच्या घरी दुसरा हाय."

आणि मग भोंगा खरंच बंद पडला. जिनिंगचे मालक शेठजी वाईट माणूस नव्हते. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून ते गावात होते, आमच्या गावची मराठी बोलायचे. पण धंदा बसला म्हणून त्यांनी मशीनं उखडून जालन्याला नेली. ज्या दिवशी मशीनं ट्रकात चढवली, त्या दिवशी ती चढवायलाही सखारामकाकाच होता. दुसऱ्या दिवशी मायला भाकरीची वेळ कळेना. ती दोनदा अंगणात येऊन सावली बघून गेली.

गाव गरीब होत चाललंय हे इतरांना कशावरून कळलं मला माहीत नाही. आम्हाला ते कॉलरींवरून कळलं. आधी लोक दिवाळीला नवं कापड घेऊन यायचे. त्या वर्षी जुने सदरे यायला लागले. सदऱ्याची कॉलर मानेला घासून विरते. ती उसवायची, पालटून आतली बाजू वर घ्यायची आणि परत शिवायची, म्हणजे सदरा आणखी वर्षभर जातो. मी चिठ्ठीवर लिहायचे, "कॉलर पालटणे." पुढच्या वर्षी एकाने आधीच पालटलेली कॉलर परत पालटायला आणली. बापूंनी ती उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि घडी घालून ठेवली. त्या दिवसांत आमच्याही घरात तेल कमी झालं. माय अंबाडीची भाजी नुसती वाफवून, वरून मीठ आणि लसूण घालून द्यायची. आम्ही आवडीनं खायचो, कारण तिनं ते गोड बोलून वाढलेलं असायचं.

पंचायतीच्या निवडणुकीत पक्षाची माणसं पहिल्यांदा पडली. अंबडहून तालुक्याचे सेक्रेटरी आले. बापूंच्या खोलीत बैठक बसली. मायनं भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन सुशीला केला, मी पडद्याआडून ताटल्या सरकवल्या. सेक्रेटरी चांगले शिकलेले, बोलायला गोड.

"लोकांना पाहिजे तरी काय तेच कळंना," ते म्हणाले.

"काम पाहिजे," बापू म्हणाले.

"ते तर आहेच हो. पण त्याच्याशिवाय काय?"

 बापूंनी त्यांच्या ताटलीत आणखी सुशीला वाढला.

मग ठरलं की पक्षानं गावासाठी काहीतरी करायचं. महिनाभरानं भजनी मंडळाला टाळ आले आणि पोरांना व्हॉलीबॉलची जाळी आली. जाळी बांधायला मोकळी जागा एकच होती, जिनिंगचं आवार. जिथं कापसाचे ढीग लागायचे तिथं चार दिवस पोरं खेळली. जुने मेंबर विठ्ठलआबा बापूंना म्हणाले, "माझ्या घरात तीन पोरं रिकामी बसून राह्यले. टाळ काय त्यांच्या पोटाला बांधू?" बापू म्हणाले, "आबा, माझ्यावर कशाला चिडता? मी शिंपी माणूस, दिलं ते वाटलं." पण मी पाहत होते, ते दारावरची पाटी पुसताना पहिल्यासारखे वेळ लावत नव्हते.

नंतर सेक्रेटरींनी एक छापील कागद आणला. वरून हुकूम आला होता की लोकांचं ऐका. प्रत्येक गावच्या अध्यक्षानं आठ दिवस बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायची आणि गावच्या पाच मोठ्या अडचणी त्या कागदावर लिहून तालुक्याला द्यायच्या. बापूंना ही गोष्ट फार आवडली. इतकी वर्षं पक्ष बोलत आला आणि आपण टाळ्या वाजवत आलो, आता पक्ष ऐकणार, असं ते मायला दोनतीनदा म्हणाले. लिहायचं काम अर्थातच माझं. बापूंनी लोकांना शब्द दिला, "खुशाल बोला. नाव लिहू ते आपल्यापुरतं, मंग तुमच्या कामाचं काय झालं ते तुम्हाला सांगता येईल म्हणून. तालुक्याला नुसती अडचण जाईल, नाव गावाबाहेर जाणार न्हाई."

आधी कोणी येईना. मग बाया आल्या. पुरुष चौकात बोलतात, पण बायांना बोलायला जागाच नव्हती. त्या पडद्याच्या आत माझ्याजवळ येऊन बसायच्या आणि हळू आवाजात बोलायच्या. मी एकेकीच्या नावाची एकेक चिठ्ठी करत गेले. इतकी माणसं माझ्याशी त्याआधी कधी बोलली नव्हती आणि नंतरही बोलली नाहीत. मी मान वर न करता लिहायचे आणि मला वाटायचं, मी कोणीतरी आहे.

गिरजामावशी चौथ्या दिवशी आली. येताना तिनं तिळाची चटणी आणली होती. पाय पसरून बसली आणि म्हणाली, "लिही. जिनिंग बंद झाली तवा तुमच्या पक्षाचे आमदारसाहेब येऊन म्हणले, सहा महिन्यात चालू करतो. दोन दिवाळ्या गेल्या. माझ्या घरात माणूस खोकून राह्यला आन तुमचा साहेब टाळ वाटून राह्यला. औंदा मत मागायला आला तर म्हणावं, दारात चपला काढू नको, जल्दी पळता येणार न्हाई."

"मावशी, हे पण लिहू?"

"मंग काय मी तुला गाणं म्हणून दाखवून राह्यले? लिही सगळं. नाव मातर तुझ्याजवळच ठेव. मला न्हाई भेव, पण आमचा माणूस लई घाबरट हाय. चिठ्ठीत नाव गेलं म्हणलं तर खोकायचं सोडून पळून जाईल."

पुढच्या खोलीत मशीन थांबली होती. मला वाटलं बापू रागावले. मग ते हसल्याचा आवाज आला आणि पायडल परत सुरू झालं.

आठ दिवसांनी बापूंनी तोंडानं सांगितल्या त्या पाच अडचणी मी छापील कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवल्या. जिनिंग, पाणी, रस्ता, दवाखाना, रेशन. झाल्यावर तो कागद मी हातात धरला आणि मला तो रिकामा वाटला. त्यात कोणीच नव्हतं. जिनिंग बंद पडली, पण कोणाची? तालुक्यात हे वाचतील ते उत्तर कोणाला देतील? आमच्या घरातून साधं झबलंसुद्धा बिननावाचं बाहेर जात नसे. मी सगळ्या चिठ्ठ्या नीट रचल्या, कागदाच्या मागं ठेवल्या आणि कोपऱ्यात टाचणी टोचली. बापूंनी दिलेला शब्द आणि मावशीचं बोलणं त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही. बापूंना मी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही, ते इतकं उघड होतं की सांगायचं सुचलं नाही. ते वाचायला मंद होते आणि माझ्या कामावर त्यांचा भरवसा होता. त्यांनी सगळं तसंच पिशवीत घातलं आणि अंबडच्या गाडीत बसले.

आता इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात, माझ्या सासरच्या गल्लीत एक मुलगी आली होती. कोणत्या तरी पक्षाची, गळ्यात पट्टा, हातात मोबाईल. "आजी, तुमच्या काय समस्या आहेत ते सांगा, मी भरून घेते. आणि नाव सांगा." मी म्हटलं, "बाई, मला काही अडचण नाही." आमच्या नळाला अकरा दिवसांनी पाणी येतं. नातू म्हणाला, आजी तू खोटं का बोललीस. 

त्या वर्षी थंडीच्या तोंडावर गावाजवळ सरकारी रस्त्याचं काम निघालं. खडी फोडायची होती. ज्यांना हे काम मिळणार नव्हतं त्यांना ऊसतोडीला जावं लागणार होतं, लांब, उघड्यावर, थंडीत. सखारामकाकाला ऊसतोड झेपणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. गिरजामावशी मायला म्हणाली, "इथं काम लागलं तर तो सावलीत बसल, मी फोडीन. दोघांचं मी फोडीन." शिलाईवर भागत नव्हतं म्हणून मायही निघाली. पहिल्या दिवशी मी मायबरोबर पाण्याची घागर घेऊन गेले होते.

कामावर आसाराम मुकादम होता, पक्षाच्याच मर्जीतला. तो एकेकाला बसवत होता. मायला म्हणाला, "या, तुम्ही तर घरच्याच." माय बसली, तिनं हातोडी घेतली. मग गिरजामावशी पुढं आली.

"तुझं न्हाई बसत," आसाराम म्हणाला.

"का न्हाई बसत? मला काय हात न्हाईत का?"

"वरून आलंय."

त्यानं खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, बोटाला थुंकी लावली आणि चाळायला लागला. कोपऱ्यात टाचणी होती. मी चार हातांवर उभी होते. माझं अक्षर मला लांबून ओळखू येतं. त्यानं एक चिठ्ठी वर धरली आणि सगळ्यांसमोर वाचली, चपलांचं सुद्धा. काही माणसं हसली. मावशी हसली नाही. ती आधी चिठ्ठीकडं बघत होती आणि मग मायकडं. मायनं मान खाली घातली आणि दगडावर हातोडी मारली. त्या दिवशी चिठ्ठीतल्या एकीलाही काम मिळालं नाही.

मी पळत घरी आले. बापूंना म्हटलं, "बापू, त्या माझ्या चिठ्ठ्या आहेत." मशीन थांबली.

"सगळ्या?"

"सगळ्या. मीच मागं टोचल्या होत्या."

त्यांनी सुईखालचं कापड काढून बाजूला ठेवलं. मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते धुतलेले कपडे घालून अंबडला गेले. परत आले ते मागच्या खोलीत येऊन चुलीजवळ बसले आणि मायला सांगायला लागले. सेक्रेटरींनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "एवढं बराबर काम तालुक्यात एकाबी गावानं केलं न्हाई. आपलं कोण आन परकं कोण, नावानिशी कळलं आम्हाला." बापूंनी सांगितलं की ती गाऱ्हाणी होती, बायांना काम द्या. सेक्रेटरी म्हणाले, तेच तर. पण तुम्ही जुने माणूस, तुमचा शब्द मोडत न्हाई. गुरुवारच्या बाजारात साहेबांची सभा आहे. त्या चपलांवाल्या बाईला म्हणा, स्टेजवर येऊन साहेबांना हार घाल, चुकून बोलले म्हण. कामावर नाव लगेच चढतंय. बाकीच्यांचंही मंग बघू.

"मंग घालू द्या की हार," माय म्हणाली. "सखारामभाऊचा जीव वाचल."

बापूंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

सकाळी त्यांनी गिरजामावशीला बोलावणं पाठवलं. ती उंबऱ्यावर नेहमीसारखी बसली नाही, उभीच राहिली. मी पडद्याआड होते. बापूंनी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"घालते की हार," ती म्हणाली. "माझा माणूस इथं राहत असला तर हार काय, साहेबाचे पाय धुते. उद्याच्या ऊसतोडीच्या ट्रकाला न्हाई म्हणून कळवते. पण भाऊ, एक सांगा. मी या घरात बसून बोलले. तुम्ही शब्द दिल्ता, नाव गावाबाहेर जाणार न्हाई. मंग चिठ्ठ्या तिकडं दिल्या कोणी?"

पडदा विरलेला होता. मला तिची सावली दिसत होती आणि बापूंची पाठ. मी उठून बाहेर यायला पाहिजे होतं. तीन पावलं होती. मावशी, मी टोचल्या, मला वाटलं त्यांना तुमचं नाव कळलं तर ते तुमचंच काम आधी करतील, एवढंच म्हणायचं होतं. ती मला दोन शिव्या देऊन हसली असती, अशीच बाई होती ती. आणि गुरुवारी हार घातला असता. मी जागची उठले नाही.

"मीच दिल्या," बापू म्हणाले.

"जाणूनबुजून?"

"हां."

तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग हळू आवाजात म्हणाली, "मंग हार घालून काय करू भाऊ? आज तुमचं ऐकून हार घालीन, उद्या तुम्ही आणखी कोणाच्या हातात द्याल मला." आणि ती उंबरा उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ट्रक गेला. त्यात गिरजामावशी आणि सखारामकाका होते, आणि चिठ्ठीतली आणखी पाच घरं. सखारामकाका त्याच थंडीत तिकडं उसाच्या फडात वारला. मावशी परत गावाला आली नाही. कोणी म्हणालं ती कारखान्याच्या बाजूलाच राहिली, कोणी म्हणालं पोरीकडं गेली. गुरुवारी सभा झाली आणि त्या वर्षी आमच्या गावातून पक्षाला आधीच्या निम्मीही मतं पडली नाहीत. सेक्रेटरी पुढं दुसऱ्या पक्षात गेले. बापू मात्र गेले नाहीत. लोक शिलाईला दुसऱ्या गावी जायला लागले, तरी पाटी दारावर राहिली. पोरं येता जाता म्हणायची, चिठ्ठीवाले अध्यक्ष. त्यांनी कधीही, मायजवळसुद्धा, चिठ्ठ्या मी टोचल्या असं म्हटलं नाही. ते वारले तेव्हा मी माहेरी गेले होते. खांदा द्यायला माणसं शोधावी लागली. तेव्हाही मला कोणापुढं काही बोलता आलं असतं.

पण मला राहून राहून आठवतो तो त्या सकाळचाच पुढचा थोडा वेळ. मावशी गेली. बापू मशीनपुढं बसले. दोरा तुटला होता. त्यांनी दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि सुईच्या नाकाशी नेलं, ते जाईना. परत नेलं.  मग पडद्याकडं न बघता त्यांनी हाक मारली, "पोरी, जरा ओवून दे."

मी बाहेर आले. त्यांच्या शेजारी वाकले आणि दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला. त्यांनी दोऱ्याचं टोक माझ्या चिमटीतून काढून घेतलं आणि म्हणाले, "जा, माय कामावर गेली, भाकरी तू टाक."

मी आत गेले आणि पिठाचा डबा उघडला.